साइट स्वतःच सगळं सांगते!

डब्ल्यूपीस्कॅन! सध्या माझ्या तोंडी दुसरं नाव नाही. भेटेल त्याला मी एकच विचारते: तुमची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे का? असेल तर आजच, जमलं तर आत्ताच, तिच्यातल्या कमकुवत जागा शोधणारं हे साधन चालवून बघा. कारण आपली साइट परक्या माणसाला कशी दिसते हे मी परवा पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची गडकिल्ल्यांवरची एक साइट आहे, ती मी सांभाळते. बुजून गेलेल्या वाटांची वर्णनं, टाक्यांची मोजमापं, आता कोसळून गेलेल्या दरवाजांचे जुने फोटो, असा कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं जमवलेला ऐवज तिच्यात आहे. लेख टाकायचे, फोटो चढवायचे, आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची हे सगळं डॅशबोर्डमध्ये बसून होतं. साइट म्हणजे डॅशबोर्ड, असंच मनात पक्कं झालेलं. भाचा घरी आला होता, तो संगणक सुरक्षेतच काम करतो. सहज म्हणाला, "मावशी, तुझी साइट बाहेरून कशी दिसते ते बघितलंयस का कधी?"

"रोज बघते की."

"तू वाचक म्हणून बघतेस. आत शिरायला टपलेल्या माणसाला कशी दिसते, ते बघूया?"

लॅपटॉपवर डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन, होतंच. त्याने डब्ल्यूपीस्कॅन उतरवून घेतलं, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, त्यात आमच्या साइटचा पत्ता दिला आणि एंटर दाबून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. आधी तिरप्या रेषा आणि अंडरस्कोअर जोडून काढलेलं प्रोग्रामचं भलंमोठं नाव आलं, आणि मग ओळींमागून ओळी. हिरव्या अधिकचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे सापडलेल्या गोष्टी. लाल उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या म्हणजे लक्ष द्या! मी खुर्ची पुढे ओढून बसले ती जेवायची हाक येईपर्यंत उठलेच नाही.

पहिल्यांदा सर्व्हरने स्वतःविषयी सांगितलेली माहिती आली: कुठलं सॉफ्टवेअर, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची कुठली आवृत्ती. मग कळलं की एक्सएमएल-आरपीसी नावाचं दार चालू आहे. मोबाइल ॲपमधून किंवा दुसऱ्या प्रोग्राममधून लेख टाकता यावा म्हणून वर्डप्रेसने फार पूर्वी ठेवलेलं हे दार. आमच्या ग्रुपमधलं कुणीही ते वापरत नाही, पण त्याच्यावरून पासवर्डचे अंदाज मारत बसता येतं. मग वर्डप्रेससोबत येणारी रीडमीची फाइल जागच्या जागी आहे हे कळलं. अपलोडचा फोल्डर कुणालाही उघडून आतल्या फाइलींची यादी बघता येते, हेही! आणि मग ती ओळ आली जिने मला खरं वेड लावलं. वर्डप्रेसची आवृत्ती अमुक. ती कधी प्रकाशित झाली त्याची तारीख. आणि खाली, हे कशावरून ओळखलं, त्याचा पुरावा!

हा पुरावाच तर सगळी मजा आहे. डब्ल्यूपीस्कॅन नुसता निकाल सुनावत नाही. कशावरून सापडलं, दुसऱ्या कशाने त्याला दुजोरा मिळाला आणि आपली खात्री किती टक्के आहे, हे प्रत्येक गोष्टीखाली लिहितं. आवृत्तीखाली लिहिलं होतं: आरएसएस जनरेटर. मी लगेच ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्यापुढे 'फीड' जोडून पान उघडलं, त्याचा सोर्स पाहिला, आणि खरंच, वरच्या काही ओळींतच जनरेटर नावाच्या टॅगमध्ये वर्डप्रेसचा पत्ता आणि त्याला चिकटून आवृत्तीचा आकडा! नवा लेख आला की वाचकांना कळावं म्हणून असलेलं ते फीड, आणि ते प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगत होतं. मग मी मुखपृष्ठाचा सोर्स उघडला. स्टाइलशीटच्या, स्क्रिप्टच्या पत्त्यांच्या शेपटीला तोच आकडा पुन्हा पुन्हा लावलेला. कुठे कुलूप तोडलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. साइट स्वतःच सगळं सांगत होती, फक्त ते ऐकणारं कुणीतरी हवं होतं!

प्लगइनचं तर विचारूच नका. वर्डप्रेसला वरून जोडलेली जवळजवळ प्रत्येक सोय ही कुणीतरी लिहिलेलं प्लगइन असते: फोटोंची गॅलरी, संपर्काचा फॉर्म, नकाशा, सगळं. ती सगळी 'डब्ल्यूपी-कंटेंट' या फोल्डरखाली 'प्लगइन्स'मध्ये आपापल्या नावाच्या फोल्डरात राहतात. पान उघडलं की त्यांच्या फाइली त्याच पत्त्यावरून येतात, म्हणजे पानाचा सोर्स वाचला की निम्मीअधिक नावं हाती लागली. एवढ्यावर भागलं नाही तर स्कॅनर आपल्याजवळच्या यादीतलं एकेक नाव घेऊन विचारत जातो: या नावाचा फोल्डर आहे? या नावाचा? पहिल्या पद्धतीला पॅसिव्ह म्हणतात, दुसरीला ॲग्रेसिव्ह. वेगळं सांगितलं नाही तर प्लगइन शोधताना तो पॅसिव्हवरच थांबतो. आणि नाव सापडलं की आवृत्ती कुठून मिळते माहीत आहे? बहुतेक प्लगइनसोबत त्याची स्वतःची रीडमी येते, तिच्यात 'स्टेबल टॅग' अशी ओळ असते आणि त्या ओळीपुढे आकडा!

या आकड्यापाशी खरा खजिना उघडतो. डब्ल्यूपीस्कॅनच्या मागे वर्डप्रेसच्या, त्याच्या प्लगइनच्या आणि थीमच्या (म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्यांच्या) आजवर सापडलेल्या कमकुवत जागांची एक सूची आहे. नाव आणि आवृत्ती तिच्याशी ताडून बघितली जाते. त्यासाठी त्यांच्या साइटवर नाव नोंदवून एक टोकन घ्यावं लागतं. फुकट मिळणाऱ्या टोकनवर दिवसाला २५ विचारणा करता येतात: वर्डप्रेसच्या आवृत्तीसाठी एक, प्रत्येक प्लगइनसाठी एक, प्रत्येक थीमसाठी एक. आमच्यासारख्या साइटला तेवढ्या पुरून उरतात. टोकन न देता चालवलं तर प्लगइनांची यादी मिळते, पण कमकुवत जागांची माहिती दाखवलेली नाही असं ते स्पष्ट सांगतं. भाच्याने टोकन घालून पुन्हा चालवलं आणि फॉर्मच्या एका प्लगइनखाली लाल ओळ आली. कमकुवत जागा कुठल्या प्रकारची आहे, ती कुठल्या आवृत्तीत दुरुस्त झाली, तिचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे जगभर वापरला जाणारा नोंदणी क्रमांक, आणि सविस्तर वाचायला दुवे. ते प्लगइन ग्रुपमधल्या कुणीतरी पावसाळी मोहिमांच्या नावनोंदणीसाठी बसवलं होतं. तो फॉर्म कधीच बंद झाला, प्लगइन मात्र चालूच राहिलं होतं. मी बॅकअप घेतला, प्लगइन काढून टाकलं, वर्डप्रेस अपडेट केलं, पुन्हा स्कॅन चालवला आणि ती लाल ओळ गायब! खुर्चीत बसल्या बसल्या मी टाळ्या वाजवल्या. 'साइट सुरक्षित ठेवा' हे आजवर शंभर ठिकाणी वाचलं होतं, पण ती सुरक्षितता अशी डोळ्यांना दिसते, करून बघता येते, तपासून घेता येते हे मला कुणी दाखवलंच नव्हतं.

रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कड्यावरून खाली उतरली. महाराजांनी तिचा सन्मान केला, आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. कडा बेलाग आहे असं सगळे धरून चालले होते. तो उतरता येतो हे कळलं ते एका माणसाने, मनात कुठलंही पाप नसताना, उतरून दाखवल्यामुळे. स्कॅनर चालवताना मला सारखी हिरकणी आठवत होती. उतरता येतं हे कळलं की बुरूज कुठे बांधायचा ते आपोआप कळतं.

मग मी या स्कॅनरचा इतिहास धुंडाळला. रायन ड्यूहर्स्ट या ब्रिटिश तरुणाने २०११ मध्ये डब्ल्यूपीस्कॅन पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. रुबी भाषेत लिहिलेलं, सोर्स कोड सगळ्यांना बघायला खुला. हल्ले कसे होतात हे हाताने करून शिकता यावं म्हणून मुद्दाम कच्ची ठेवलेली 'डॅम व्हल्नरेबल वेब ॲप्लिकेशन' ही सरावाची साइटही याच रायनची. पुढे एर्वान ल रूसो, ख्रिस्तियान मेलमावर असे लोक येऊन मिळाले, २०१४ मध्ये कमकुवत जागांची सूची वेगळी उभी राहिली, आणि २०२१ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने डब्ल्यूपीस्कॅन आपल्याकडे घेतलं. आपली साइट तपासायला ते फुकट आहे. त्याच्यावर धंदा करायचा असेल तर मात्र वेगळा परवाना घ्यावा लागतो, आणि मला ते रास्त वाटतं. एवढी सूची जिवंत ठेवायची म्हणजे रोज कुणीतरी बसून वाचतंय, पडताळतंय, नोंदवतंय.

आणि काय काय त्या नोंदींमध्ये दडलंय! स्कॅनरला 'टीटी' असा एक पर्याय देता येतो. म्हटलं, हे काय? ते निघालं टिमथंब. मोठ्या चित्राचं छोटं रूप करून देणारी ही एक छोटीशी स्क्रिप्ट, एके काळी कितीतरी थीमसोबत आपोआप यायची. दुसऱ्या साइटवरचं चित्रही ती आणून द्यायची, पण सरसकट कुठूनही नाही, तर फ्लिकर, ब्लॉगर अशा मोजक्या भरवशाच्या पत्त्यांवरून. आता गंमत बघा. पत्ता भरवशाचा आहे की नाही हे ती कसं ठरवायची? पत्त्यात 'ब्लॉगर डॉट कॉम' ही अक्षरं कुठेतरी आहेत ना, एवढंच बघून! म्हणजे 'ब्लॉगर डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट कॉम' अशी स्वतःची साइट काढा, की झाला तुमचा पत्ता भरवशाचा. तिथून ती स्क्रिप्ट चित्राच्या जागी प्रोग्राम उचलून आणायची आणि कॅशच्या उघड्या फोल्डरात ठेवायची. तो तिथून चालवता यायचा, आणि अख्खी साइट परक्याच्या हातात! ऑगस्ट २०११ मध्ये मार्क मॉन्डर यांच्या स्वतःच्याच साइटवर भलत्या जाहिराती दिसू लागल्या. ते माग काढत या स्क्रिप्टपर्यंत पोचले आणि त्यांनी सगळं लिहून जगासमोर ठेवलं. पुढे वर्डफेन्स ही वर्डप्रेस सुरक्षेतली नावाजलेली कंपनी काढणारे मॉन्डर ते हेच. एका पत्त्याची तुलना ढिली राहिली, तिच्यातून काय काय घडलं! ही गोष्ट वाचून मी ज्या ज्या प्लगइनमध्ये बाहेरून काही आणायची सोय आहे, त्यांची यादीच करायला बसले.

२०२० मधली फाइल मॅनेजर प्लगइनची हकिगतही अशीच. ७ लाखांहून जास्त साइटवर बसवलेलं प्लगइन. त्यात एलफाइंडर नावाच्या दुसऱ्या एका प्रकल्पाची नमुन्याची फाइल होती. मुद्दामच असं शेपूट लावलेली, की ती प्रोग्राम म्हणून चालू नये. प्लगइनमध्ये ते शेपूट काढून पीएचपी ठेवलं गेलं, आणि लॉगिन न करता कुणालाही साइटवर हवी ती फाइल चढवता येऊ लागली. ६.९ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणून तर स्कॅनरच्या निकालातला 'अमुक आवृत्तीत दुरुस्त' हा चिमुकला शब्दसमूह मला आता इतका मोलाचा वाटतो. पूर्णविरामापुढचा एक आकडा, त्याच्या अलीकडे एक साइट आणि पलीकडे दुसरीच.

नावाच्या शेपटाचीच आणखी एक करामत आहे आणि ती मला फार आवडली. वर्डप्रेसच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड असतो. फाइलीचं नाव पीएचपीने संपतं म्हणून सर्व्हर ती चालवतो, आतला मजकूर कुणाला दाखवत नाही. पण समजा कुणी बदल करण्यापूर्वी तिची प्रत काढून पुढे 'बॅक' जोडलं, किंवा नॅनो एडिटर अर्ध्यात बंद पडून 'सेव्ह' लावलेली प्रत मागे राहिली, किंवा विम या दुसऱ्या एडिटरने आपली 'एसडब्ल्यूपी' फाइल सोडली. आता शेपूट पीएचपी नाही, म्हणजे बऱ्याच सर्व्हरच्या लेखी ती साधी मजकुराची फाइल, मागेल त्याला जशीच्या तशी द्यायची. पासवर्डसकट! 'सीबी' असा पर्याय दिला की स्कॅनर अशी सगळी संभाव्य नावं एकेक करून विचारतो. 'डीबीई' दिलं की विसरून राहिलेल्या डेटाबेसच्या प्रती शोधतो. आमच्याकडे दोन्हींत काही निघालं नाही, आणि ते 'काही सापडलं नाही' वाचताना जो जीव भांड्यात पडला तो काय सांगू!

वापरकर्त्यांची नावंही तो काढतो. लेखकाच्या क्रमांकाने पान मागितलं की वर्डप्रेस बहुधा त्या लेखकाच्या नावाच्या पत्त्यावर नेऊन सोडतं, आणि तो पत्ता लॉगिनच्या नावावरूनच बनलेला असतो. फीडमध्ये लेखकाचं नाव असतं. लॉगिनच्या पानावर चुकीचं नाव घातलं तर असं नाव नोंदलेलं नाही म्हणून सांगतं, आणि बरोबर नाव पण चुकीचा पासवर्ड घातला तर पासवर्ड चुकीचा आहे म्हणतं. म्हणजे नाव बरोबर असल्याची पावतीच! स्कॅनर या सगळ्यांची सांगड घालून यादी देतो. आमच्या यादीत वापरकर्त्यांची नावं बघितल्यावर त्याच रात्री मी सगळ्यांना पासवर्ड लांबलचक करायला कळवलं आणि मोबाइलवर कोड येणारं दुपदरी लॉगिन बसवलं. ग्रुपमधल्या थोरल्या काकांनी फोनवर विचारलं, "एवढं कशाला गं?" मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले आणि ती यादी दाखवली. चष्मा सावरत त्यांनी स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाले, "दे, मीच बदलतो."

हे सगळं फक्त आपल्या साइटवर, किंवा मालकाने लेखी परवानगी दिलेल्या साइटवरच करायचं, हे मी ज्याला ज्याला सांगते त्याला आधी बजावते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ आणि कलम ६६ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल आहेत. पण मला कायद्याइतकंच सभ्यतेचंही महत्त्व वाटतं. होस्टिंगवाल्यालाही आधी कळवून ठेवावं. एकाच पत्त्यावरून भराभर विचारणा आल्या की त्यांची यंत्रणा तुम्हालाच अडवते. विचारणांमधलं अंतर वाढवून सावकाश जायची सोय स्कॅनरमध्ये आहेच.

आणि तो जे करत नाही तेही माहीत असायला हवं. जगाला ठाऊक झालेल्या कमकुवत जागांशीच तो ताडून बघतो. तुमच्या ग्रुपमधल्या कुणी स्वतः लिहिलेल्या प्लगइनमध्ये काय दडलंय ते त्याला कळणार नाही. साइटमध्ये आधीच कुणी शिरून बसलं असेल तर तेही तो ओळखणार नाही, त्याला वेगळी तपासणी लागते. तरीही हल्ला करणारे आंधळे प्रोग्राम दिवसरात्र हेच प्रश्न विचारत फिरत असतात: आवृत्ती काय, प्लगइन कुठलं, नाव कुणाचं. तेच प्रश्न आपण त्यांच्या आधी विचारले, तर बाजी आपल्या हातात राहते!

वर्डप्रेस मराठीत आहे, डॅशबोर्डसकट. म्हणूनच तर गावोगावची वाचनालयं, व्याख्यानमाला, नाट्यमंडळं, दिवाळी अंक, पतसंस्था, सगळ्यांनी त्यावर साइट काढल्या. कुणीतरी हौसेने उभी केलेली, पुढे दुसऱ्याच कुणाच्या हाती आलेली अशी साइट जिथे तिथे आहे. स्कॅनरचा निकाल मात्र इंग्रजीत येतो, म्हणून मी आमच्या ग्रुपसाठी त्याची एक मराठी टिपणवही सुरू केली आहे. डावीकडे निकालात काय दिसतं, उजवीकडे त्याचा अर्थ काय आणि करायचं काय. एक्सएमएल-आरपीसीपासून टिमथंबपर्यंतची पानं झाली. निकाल जेसन स्वरूपात फाइलीत साठवायचं भाच्याने शिकवलंय, म्हणजे दर आठवड्याला आपोआप स्कॅन चालवून गेल्या वेळेपेक्षा काय बदललं तेवढंच बघायचं.

येत्या रविवारी आमच्या पेठेतल्या वाचनालयात जाते आहे. सचिवबाईंनी परवानगीचं पत्र सहीशिक्क्यासह तयार ठेवलंय आणि होस्टिंगवाल्याला ईमेलही गेलाय. त्यांच्या साइटवर पुस्तकसूची दाखवणारं एक प्लगइन आहे. ते कुणी लिहिलं, त्याची आवृत्ती कितवी, शेवटचं कधी सुधारलं, हे वाचनालयात कुणालाच आठवत नाही. मला तर रविवारची वाट बघवत नाहीये!